ठोकून भरलेली बशी

धूळ मोजायची नोकरी करतो म्हटलं की लोक हसतात. हसू द्यावं. लोणारच्या अलीकडे, मेहकर रस्त्याला लागून आमचं धूलिमापन केंद्र आहे. तिथे मी सव्वीस वर्षं भांडारपाल आहे. माझ्या ताब्यात चारशे बारा बरण्या, आणि सगळ्यांत धूळ. इथला काळा खडक चंद्रावरच्या काळ्या पठारांच्या खडकाशी बराच मिळताजुळता, म्हणून केंद्र इथे. खडक फोडायचा, दळायचा, चाळायचा, कणाच्या आकारानुसार बरण्यांत भरायचा आणि शास्त्रज्ञांना वजन करून द्यायचा. माझं काम एवढंच.

या कामात शास्त्र फार कळलं नाही, माणसं मात्र कळली. बरणी परत करण्याच्या तऱ्हा तीन. एक झाकण सैल ठेवून देतो. दुसरा बरणी पुसून देतो. तिसरा म्हणतो, "मी नेली होती का काका?" हे तिसऱ्या प्रकारचे लोक पुढे संचालक होतात.

समीक्षा वायाळ या तिन्हींत बसली नाही. ती बरणी पुसायची, झाकण घट्ट लावायची आणि उरलेल्या धुळीच्या वजनाची चिठ्ठी बरणीला रबराने अडकवायची. नऊ वर्षांत तिची चिठ्ठी आणि माझा काटा यांत अर्ध्या ग्रॅमचा फरक पडला नाही. मी एकदा तिला म्हटलं, "पोरी, इतकं काटेकोर राहून तुला कुणी संचालक करणार नाही."

"म्हणूनच राहते काका," ती म्हणाली. "संचालक झाल्यावर भालेराव सरांचं पोट सुटलेलं बघितलंय मी."

मापाचं वेड तिच्या घरातलं. तिचे आजोबा मेहकरच्या बाजारात मापाडी, पणजोबाही मापाडी, वडील रामदासभाऊ मापाडी म्हणूनच निवृत्त झाले. पायलीनं धान्य मोजायचे दिवस होते तेव्हा व्यापाऱ्याची इच्छा असायची की माप भरताना मापाड्यानं पायलीला दोन ठोके द्यावेत. ठोके दिले की दाणे खाली बसतात, पायलीत मूठभर जास्त मावतं, आणि ती मूठ शेतकऱ्याची जाते. वायाळांनी तीन पिढ्यांत पायलीला ठोका दिला नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, पायल्या अडगळीत गेल्या, तरी रामदासभाऊंचा हा अभिमान तसाच राहिला. भेटलेल्या माणसाला ते दहाव्या मिनिटाला हे सांगत. मला त्यांनी सातव्याच मिनिटाला सांगितलं होतं.

आता धुळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

प्रकाश ही लहर आहे. सूर्याकडून येताना ती सगळीकडे हेलकावत येते. उभी, आडवी, तिरकी, कुणाचं ऐकत नाही. धुळीवर आपटून परत फिरताना मात्र एका दिशेचा हेलकावा जास्त शिल्लक राहतो. शास्त्रज्ञ म्हणतात, प्रकाशाचं ध्रुवीकरण झालं. किती टक्के झालं, हे धूळ किती काळी, कण केवढा, आणि कण एकमेकांवर कसे बसलेत यावर ठरतं. सूर्य कुठे आणि कॅमेरा कुठे यावरही ठरतं, पण तो हिशेब यंत्र करतं. म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून नुसता परतलेला प्रकाश तपासून खाली हात न लावता सांगता येतं की इथली धूळ मैद्यासारखी आहे की रव्यासारखी, सैल आहे की दाबलेली.

सैल की दाबलेली, यातच सगळी गंमत आहे. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही. वरचा थर कणावर कण अलगद टेकून उभा असतो, मध्ये पोकळ्या असतात. त्यावर एकदा पाय पडला की पोकळ्या मोडतात, आणि त्या पुन्हा व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. दाबलेली धूळ दाबलेलीच राहते. वरून दिसत नसेना का, प्रकाश सांगतो.

पण प्रकाशाला एक खोड आहे. कण जाड झाला तरी ध्रुवीकरण बदलतं आणि धूळ दाबली गेली तरी बदलतं, आणि बदल जवळजवळ सारखाच दिसतो. यातला कुठला कशामुळे, हे ओळखायचं तर जमिनीवर आधी धडा तयार हवा. तो धडा म्हणजे आमच्या बश्या. हातभर रुंदीच्या निर्वात पेटीत धुळीनं भरलेली बशी ठेवायची, दिवा फिरवायचा, आकडे घ्यायचे. एका रांगेत कण बारीक ते जाड, पण सगळ्या बश्या सैल भरलेल्या. दुसऱ्या रांगेत कण तेच, पण धूळ दाबलेली. सैल बशीत अडतीस ग्रॅम मावायची, दाबलेलीत चव्वेचाळीस. या दोन रांगा एकमेकींत मिसळल्या तर सगळं मुसळ केरात.

दोन्ही रांगा समीक्षानं भरल्या. तीनशे वीस बश्या, सव्वादोन वर्षं.

२०४६ साली यान चंद्राभोवती फिरू लागलं आणि कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची वेळ आली. परीक्षेला अशी जागा हवी की जिथे धूळ कधी आणि कशी हलली ते आधीच माहीत आहे. आमचे संचालक डॉ. उन्मेष भालेराव यांनी जागा निवडली. मग समीक्षाला बोलावून विचारलं. आधी निवडली, मग विचारलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

"तुला चालेल ना?" ते म्हणाले. "नसेल तर दुसरी बघू. म्हणजे दुसरी इतकी चांगली नाही."

"चालेल सर," समीक्षा म्हणाली.

ती जागा तिच्या भावाच्या मृत्यूची होती.

गौरव वायाळ खाणकाम करणाऱ्या एका कंपनीकडून चंद्रावर गेला होता. दोघांची तुकडी; तो आणि तेजस कुलथे. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेजसचा जबाब साऱ्या देशानं वाचला आहे. गौरव चाकांच्या गाडीतून एका मोठ्या खडकापाशी नमुने आणायला गेला. तिथे त्याच्या पोशाखाची हवेची नळी फुटली. दीड मिनिटात सगळं संपलं. तेजस यानात होता. यानाच्या इंधनटाकीचा दाब उतरत होता, थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला एकट्याला उड्डाण करावं लागलं. सात महिन्यांनी कंपनीच्याच दुसऱ्या तुकडीनं खडकापासून गौरवचा देह आणला; पोशाख कंपनीनं ठेवून घेतला.

तेजस परतला आणि पंधरवड्यात मेहकरला आला. रामदासभाऊंच्या पायावर डोकं ठेवलं, ते उचललं नाही. त्यानंतर दर रविवारी येऊ लागला. वर्षभरानं कंपनीची नोकरी सोडून मेहकरातच राहायला आला, दोन गल्ल्या सोडून. रामदासभाऊंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानं केलं, म्हणजे करवलं. पण मेहकरात लोक असंच सांगतात. समीक्षाच्या आईच्या, वच्छलावहिनींच्या, हातची ज्वारीची भाकरी तो तीन खातो, गौरव दोन खायचा. त्याचे सख्खे वडील नाशिकला आहेत. त्यांच्याकडे किती वेळा जातो, हे मी त्याला विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, विचारलं. वर्षातून एकदा.

गावानं तर समीक्षाचं आणि त्याचं लग्नही लावून टाकलं होतं. तिला विचारलं की ती म्हणायची, "आधी बश्या होऊ देत." नाही म्हणत नव्हती.

नकाशा आला तो एका मंगळवारी सकाळी. भालेरावांनी पडद्यावर लावला आणि चहा मागवला. 

उड्डाणाच्या झोतानं वरची बोटभर धूळ उडून गेली होती, त्यामुळे साध्या फोटोत तिथे कधीच काही दिसलं नव्हतं. सगळं झाडून काढल्यासारखं सपाट. ध्रुवित प्रकाशाच्या नकाशात झाडलेल्या जागेच्या खालचा, दाबला गेलेला थर दिसत होता. गाडीच्या चाकांची जोडरेघ उत्तरेकडून वळसा घालून खडकापर्यंत गेलेली. ती असायलाच हवी होती. पण खडकापासून तेजसचं यान उभं होतं त्या जागेपर्यंत आणखी एक पट्टा होता. सरळ, मीटरभर रुंद, एकशे ऐंशी मीटर लांब. यानाची शिडी टेकली होती तिथे एक डाग होता, आसपासच्या कशाहीपेक्षा गडद. तिथून दुसरा पट्टा परत खडकाकडे गेलेला.

देह आणायला गेलेली तुकडी दुसऱ्या बाजूनं आली होती, तिच्या खुणा आधीच वजा केल्या होत्या.

"झोताची रेघ असेल," कुणीतरी म्हणालं. "बारीक धूळ उडाली, जाड कण राहिले."

"नाही," समीक्षा म्हणाली. "जाड कणांची रांग इथे बसत नाही. दाबलेल्यांची बसते." ती उठून पडद्याजवळ गेली. शिडीपाशी बोट ठेवलं. "इथे कुणीतरी उभं होतं. एकदोन मिनिटं नाही. पाय बदलत, बराच वेळ."

मग तिनं बोट काढलं आणि पडद्यावरचा बोटाचा ठसा ओढणीनं पुसला.

तेजस यानात होता. त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं की तो बाहेर पडला नाही. मग चालत आला कोण, याचा हिशेब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. दीड मिनिटात मेलेला माणूस एकशे ऐंशी मीटर चालून दाराशी आला, थांबला आणि परत गेला.

भालेरावांच्या चेहऱ्यावर त्या वेळी दुःख आणि आनंद अशी दोन्ही गिऱ्हाइकं एकदम आली होती, आणि त्यांना कुणाला आधी बसवावं ते कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी अहवाल चांद्रकार्य आयोगाला पाठवला. तारीख आणि वेळ मी नोंदवली आहे.

दुसऱ्या दिवशी समीक्षा मला म्हणाली, "काका, मला घरी सोडाल? गाडी मी नको चालवायला आज."

मेहकरला पोचलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. वच्छलावहिनी एकट्याच होत्या. रामदासभाऊंना डोळे दाखवायला तेजस बुलढाण्याला घेऊन गेला होता. मला त्यांनी ओसरीत बसवून पाणी दिलं. त्या घराला ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा आहे, आणि मी बहिरा नाही.

समीक्षानं सगळं सांगितलं. रडत नाही, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखं. वहिनींनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"दारात किती येळ उभा व्हता?"

"नक्की नाही सांगता येत. बराच."

भांड्याचा आवाज झाला.  मग वहिनी म्हणाल्या, "तुह्या आबाले सांगशीन?"

"नको सांगू?"

"मले एक सांग. हे सांगितल्यावर गौरव येईन?"

"आई, असं काय विचारतेस."

"मंग कोन येईन? कोनी नाई. अन् जो येते तो बी जाईन." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुहा आबा सकाळची गोळी माह्या हातची घेत नाई. तेजस आला की घेते. तीन वर्सं झाली मी पायतो. गौरव गेला तवा मी आबाले आडातून काढलं, तू तिकडं केंद्राच्या होस्टेलात व्हती, तुले सांगितलं नाई कोनी. दुसऱ्यांदा काढाले माह्या अंगात जोर नाई."

समीक्षा म्हणाली, "आणि गौरवचं काय?"

"त्याची माय मी हाय. त्याचं मी पाईन. मी कोनाले माफ नाई केलं, तो इचार करू नको. पन ते माह्याजवळ राहू दे."

परत येताना मी नुसती गाडी चालवली.  मेहकर ते केंद्र एवढ्या वाटेत मी गप्प राहिल्याची दुसरी नोंद नाही.

आयोगाची चौकशी आमच्याच बैठकीच्या खोलीत, अकरा वाजता बसली. निवृत्त न्यायाधीश पुष्पा अहिरराव अध्यक्ष होत्या. कंपनीकडून दर्यापूरकर नावाचे वकील आले होते, बोलायला मऊ आणि बुटांना चकाकी. तेजस मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, याला कुणी आत्ताच विचारलं तर हा सगळं सांगून मोकळा होईल. पण चौकशीत ज्याला सांगायचं असतं त्याला शेवटी विचारतात.

दर्यापूरकरांनी तेजसला हातच लावला नाही. त्यांचा रोख बश्यांवर होता. कुणीतरी त्यांना चांगलं शिकवलं होतं. ते म्हणाले, नकाशावरचे पट्टे झोतानं उघड्या पडलेल्या जाड कणांचे आहेत. यानापासून निघतात, सरळ आहेत, झोतासारखेच आहेत. हे जाड कण नव्हेत, दाबलेली धूळ आहे, असं म्हणण्याला आधार एकच; जाड कणांच्या सैल बश्या. त्या खरोखर सैल होत्या का?

"जाड कणांच्या बश्या कुणी भरल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी," समीक्षा म्हणाली.

"कशा?"

"चाळणीतून धूळ सोडायची. काठावरून पट्टी फिरवायची."

"बशी ठोकायची नाही?" दर्यापूरकरांनी मधेच विचारलं.

"पद्धतीत नाही."

"पद्धत मी वाचली आहे ताई. तुम्ही काय केलंत ते विचारतोय."

समीक्षानं टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. मागे बसलेल्या तेजसकडे तिनं बघितलं नाही. मी लक्ष ठेवून होतो.

"ठोकल्या," ती म्हणाली.

भालेराव उभे राहिले. "समीक्षा, काय बोलतेस तू?"

"डॉक्टर, बसा," अध्यक्ष म्हणाल्या. "किती बश्या?"

"जाड कणांच्या सगळ्या. दोन ठोके. पट्टी फिरवायच्या आधी."

"का?"

"नाहीतर भरल्यासारख्या दिसत नाहीत. सवय लागलेली." तिनं पेला बाजूला सरकवला. "आमचं मापाड्याचं घर. आमच्याकडे माप ठोकूनच भरतात."

मी नोकरीत पुष्कळ खोट्या सह्या बघितल्या आहेत. सुट्टीच्या अर्जातली आजी किती वेळा वारते तेही मोजलं आहे. पण माणसाला स्वतःच्या घराची तीन पिढ्यांची अब्रू अशी एका वाक्यात देऊन टाकताना मी बघितलं नव्हतं. तेसुद्धा आवाजात चढउतार न होता.

अध्यक्षबाई हुशार होत्या. त्या लगेच माझ्याकडे वळल्या. "भांडारपाल, तुमच्याकडे वजनाची नोंद असते ना? ठोकलेल्या बशीत धूळ जास्त मावणार."

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे फिरली. सव्वीस वर्षांत माझ्याकडे एवढ्या लोकांनी एकदम कधी बघितलं नव्हतं. नोंद होती. एकूणएक बशीची होती. जाड कणांच्या ऐंशी बश्या, प्रत्येकीत अडतीस ग्रॅम, थोडं इकडेतिकडे. चव्वेचाळीस एकही नाही.

"बरणीतून किती दिली, याची नोंद असते बाईसाहेब," मी म्हणालो. "बशीत किती राहिली, याची नसते. सांडते, उरते."

"म्हणजे नाही."

"नाही."

भालेरावांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना माझी वही आठवत असावी. पण बरणी नेल्याचं ज्यांना आठवत नाही त्यांना वही कुठून आठवणार. वहीत काय असतं हे बघायला ते भांडारात एकदाही आले नव्हते. मी हे आधी मोजलेलं होतं.

निकाल पंधरा दिवसांत लागला. पट्ट्यांचं कारण निश्चित सांगता येत नाही. नकाशा मागे घ्यावा. तेजस कुलथे यांच्या जबाबावर शंका घ्यायला आधार नाही. केंद्रानं बश्यांची मोजमापं पुन्हा करावीत, आणि समीक्षा वायाळ यांनी यापुढे कुठल्याही मोजमापावर सही करू नये. तिला खाली, चाळण्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. त्याच महिन्यात कंपनीची पुढची तुकडी चंद्रावर गेली. यान तेच, टाक्या त्याच, दार तेच. त्या दोघांची नावं मी वर्तमानपत्रातून उतरवून ठेवली आहेत. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

तेजस केंद्रात आला तो निकालानंतर चार दिवसांनी, दुपारी. चाळण्या धुण्याची खोली भांडाराला लागून आहे, मध्ये खिडकी आहे. मी खिडकी बंद करायला उठलो तर समीक्षा म्हणाली, "राहू द्या काका. तुम्हीही हिश्शेदार आहात."

तेजस दारातच उभा राहिला. ती चाळणी धूत राहिली.

"तू बश्या ठोकल्या नव्हत्यास," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"आबांची मुलगी आहेस तू."

"मग आभार मानायला आलास की विचारायला?"

 तिनं चाळणी उजेडासमोर धरली, आरपार बघितली, बाजूला ठेवली.

"मलाच विचारायचंय," ती म्हणाली. "दार लागलेलं होतं, ते आतून की बाहेरून?"

 त्यानं पुढे होऊन नळ बंद केला.

"टाकीचा दाब खरंच उतरत होता," तो म्हणाला. "दार उघडायचं तर आतली हवा सोडायला लागते, मग परत भरायला लागते. बावीस मिनिटं. तेवढी नव्हती. असं मला वाटलं. आकडे मी तीनदा बघितले."

"आणि तो?"

"त्याच्या पोशाखात तासाभराची हवा होती. शिडीपाशी उभा होता. मी त्याला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचले. मग तो म्हणाला, जा तू, मी झोताच्या बाहेर जातो." तेजसचे हात लोंबत होते, त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "समीक्षा, तो स्वतः म्हणाला. जा म्हणाला."

"रेडिओची नोंद?"

"राहिली नाही."

"राहिली नाही की ठेवली नाहीस?"

त्यानं बंद नळ पुन्हा आवळला.

"बघ ना," समीक्षा म्हणाली. "तो कुठे उभा राहिला ते मी दोन लाख मैलांवरून सांगू शकते. कुठल्या वाटेनं परत गेला तेही. पण काय बोलला ते धुळीत नाही. ते फक्त तुझ्याकडे आहे. आणि तुझा मला काही उपयोग नाही."

"मी आयोगाकडे जातो. आत्ता जातो."

"आता जाशील? आता मी खोटी पडेन, काका खोटे पडतील आणि आबा पुन्हा आडात जातील. तू मात्र मोकळा होशील. नाही तेजस. मोकळं व्हायची वेळ तुझी चार वर्षांपूर्वी होती." ती पुन्हा नळाकडे वळली. "रविवारी येतोस तसा येत जा. आजारी पडायचं नाही, गावाला जायचं नाही, लग्न करून कुठे निघून जायचं नाही. आबा आहेत तोवर, आई आहे तोवर. माझी आजी शहाण्णव वर्षांची होऊन गेली, हेही सांगून ठेवते."

तो गेला. तिनं नळ सोडला. मी खिडकी लावून घेतली, कारण माझ्या तोंडावर काय होतं ते तिनं बघू नये असं मला वाटलं.

यात एक गोष्ट मी मोजायची विसरलो होतो आणि तीही विसरली होती. रामदासभाऊंचे डोळे तेजसनं नीट करवून आणले होते. ते आता वर्तमानपत्र वाचत.

बातमी आतल्या पानावर होती. 'मापाड्याच्या घरची सवय नडली.' लिहिणाऱ्याला मथळा गमतीचा वाटला असणार. खाली समीक्षाचं वाक्य जसंच्या तसं होतं, अवतरणात. आमच्याकडे माप ठोकूनच भरतात.

त्या रविवारी वहिनींनी मला जेवायला बोलावलं. मी जायला नको होतं, पण बघायची खोड जात नाही. गेलो तर रामदासभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला त्यांनी राम राम केला नाही. बाजारात जायचं त्यांनी सोडलं होतं, हे वाटेत पानवाल्यानंच मला सांगितलं. जुन्या शेतकऱ्यांपैकी कुणीतरी त्यांना भर चौकात विचारलं होतं, "काहो रामदासभाऊ, मंग आमची मूठ चाळीस वर्सं कुठं गेली?"

पानं वाढली. रामदासभाऊ, तेजस, मी असे बसलो. समीक्षा वाढायला होती. ती रामदासभाऊंच्या ताटात भाकरी ठेवायला वाकली तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"वच्छले, तू वाढ," ते म्हणाले.

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी हातातली परात खाली ठेवली. त्यांच्या एका शब्दानं सगळं सुटलं असतं. त्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं मान जरा, अगदी जरा हलवली. वहिनी उठल्या, तिच्या हातातली भाकरी घेतली आणि नवऱ्याला वाढली.

रामदासभाऊंनी भाकरी मोडली. मग तेजसच्या पाठीवर हात ठेवला. 

"एक पोरगं देवानं नेलं," ते मला म्हणाले. तिच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. "एका पोरीनं बापजाद्याचं नाव बाजारात इकलं. चूक झाली असन, मानतो. पन घरावर काहून टाकली? धोटेसाहेब, हा नसता, तर ह्या घरात सरळ मापाचं मानूस म्हनून दाखवाले माह्याजवळ कोनी उरलं नसतं."

तेजसचा घास हातातच राहिला. त्यानं तो ताटात परत ठेवला. तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता हा बोलणार.

समीक्षा त्याच्या ताटाशी वाकली. तिनं तिसरी भाकरी वाढली, तिच्यावर तूप घातलं.

"जेव," ती म्हणाली. "आबा थांबलेत तुझ्यासाठी."